नऊ टक्के कोणाचे

१

दुर्गेश्वरी राहांगडालेनं काउंटरवर दोन कागद आपटले, तेव्हा शामकला बिसेन तिच्या टायपिंगच्या दुकानात एका लग्नाच्या बायोडाट्यात मुलीचा रंग ‘सावळा’चा ‘निमगोरा’ करत होती. बापाचा हट्ट होता. बाप समोरच बसला होता.

“तुम्ही जरा बाहेर जा जी,” दुर्गेश्वरी त्याला म्हणाली. “मले इथं भांडायचं आहे.”

बाप मुकाट्यानं उठला. गोंदियाच्या बाजारात भांडण बघायला माणसं थांबतात. पण या बाईचा चेहरा बघून थांबायची त्याची हिंमत झाली नाही.

“कोणाले विकला माहा बायोडाटा? किती घेतले?”

शामकलानं चष्मा लावला. पहिला कागद ओळखीचा होता. तीन दिवसांपूर्वी तिनंच टाइप केलेला, फायनान्शियल कंट्रोलरच्या नोकरीसाठी दुर्गेश्वरीनं केलेल्या अर्जाचा. दुसरी झेरॉक्स होती. वरचं नाव काळ्या मार्करनं खोडलेलं. पण खाली राइस मिल तीच, कामठा रोडवरची टिकारामशेठ कटरेंची. कामं तीच, क्रमही तोच.

“शुभ्रकण कंपनीच्या हर्षा मॅडमनं सकाळी बोलावून हातात दिला,” दुर्गेश्वरी म्हणाली. “हा अर्ज मंगळवारी आला म्हणे, माहा बुधवारी. याच्यासोबत मिलचं अनुभवाचं पत्र आहे, सन २०११ पासूनचं, शेठच्या सहीशिक्क्याचं. माह्यासोबत काहीच नाही. म्हणून चोर मी. उद्या चार वाजेपर्यंत सिद्ध कर म्हणते, नाही तं नाव काढते.”

“तू पत्र काऊन नाही घेतलं शेठकडून?”

“मागितलं नं! तीनदा मागितलं. शेठ म्हणते, तू तं घरचीच आहेस, घरच्यांले कोणी पत्र देते का?”

चौदा वर्षं. पगार पाकिटात, पाकिटावर नावसुद्धा नाही. एम.कॉम. झालेली, कॉस्टिंगची इंटर पास केलेली एकोणचाळीस वर्षांची बाई कागदावर बघितली, तर आयुष्यात एक दिवसही कुठं कामाला गेलेली नव्हती. अख्ख्या मिलचे हिशेब तिच्या डोक्यात होते आणि तिचा स्वतःचा हिशेब कुठंच नव्हता. ‘घरचीच’ या शब्दाचा दर गोंदिया जिल्ह्यात एवढाच आहे.

“माह्याजवळ हा एकच कागद होता ताई,” ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “तोबी चोरीचा ठरला. आन् तो तुमच्याच दुकानातून निघाला.”

शामकला बारावी नापास होती. इंग्रजी टायपिंगचं सर्टिफिकेट सोडलं, तर जे येत होतं ते सगळं स्वतः शिकलेली. तिला चोर म्हणणारं माणूस आजवर या काउंटरपुढं उभं राहिलं नव्हतं. तिनं दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि बोट ओळीवरून खाली नेत गेली. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

“मी विकला असता नं, दुर्गेश्वरी, तं चांगला विकला असता. हे पाहा. ही पाचवी ओळ. तुह्या टाइप केलेल्या कागदात आहे का?”

दुर्गेश्वरीनं बघितलं. तिच्या कागदावर चारच ओळी होत्या.

“ही ओळ मी सोमवारी तुह्यासमोर काढली होती,” शामकला म्हणाली. “मग ती चोराजवळ कुठून आली?”

२

मागच्या गुरुवारी दुर्गेश्वरी पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा तिनं आणलेल्या कागदावर ‘जबाबदार होते’ हे शब्द नऊ वेळा होते. ताळेबंदासाठी जबाबदार, बिलांसाठी जबाबदार, बारदान्यासाठी जबाबदार.

“हा बायोडाटा आहे का आरोपपत्र?” शामकलानं विचारलं होतं. “जबाबदार तं चौकीदारबी राहते. तू काय केलं ते लिही. किती केलं ते लिही. आन् तू यायच्या आधी काय होतं, ते तं नक्की लिही. आधीचा आकडा नाही तं नंतरच्याले काय किंमत? डॉक्टर म्हणते ताप शंभर. शंभर म्हणजे चांगला का वाईट? आधी एकशे चार होता, असं सांगितलं तं समजते.”

मग तिनं जन्मतारीख काढायला लावली, नवऱ्याचं नाव काढायला लावलं, उंची काढायला लावली. “हा लग्नाचा नाही वो. इथं वय लिहिलं की वयच वाचतात.” हा नियम तिनं गेली दहा वर्षं गावाला शिकवला होता.

दुर्गेश्वरी परत गेली. शुक्रवारी आणि शनिवारी मिलमध्ये बसून तिनं मराठीत, हातानं, नवा कागद लिहिला. आधीचे आकडे तिच्याजवळ नव्हते. ते मिलचे जुने दिवाणजी दुधराम यांनी माळ्यावरच्या वह्या उतरवून काढून दिले आणि शनिवारी सगळा कागद दुपारभर तपासायला ठेवून घेतला. रविवारी तो कागद घरी होता, नवऱ्यासमोर, प्रफुलसमोर. सोमवारी शामकलानं तो इंग्रजीत उतरवला आणि मूळ कागद परत दिला. मंगळवारी टाइप केलेली प्रत करसल्लागार कैलाश सरांनी डोळ्याखालून घातली. बुधवारी मेल गेला.

“म्हणजे चोराजवळ टाइप केलेला कागद नाही, हातानं लिहिलेला आहे,” शामकला म्हणाली. “कैलाश सर सुटले, त्यांनी हाताचा कागद पाहिलाच नाही. मीबी सुटली, मी जी ओळ कापली ती मी कायले परत टाकीन? राहिले दोघं.”

“दुधरामकाका आन् आमचे हे.” दुर्गेश्वरी खाली बसली. “दोघंबी नाही करणार ताई.”

“वाच ती पाचवी ओळ.”

दुर्गेश्वरीनं वाचली. ‘मालकांच्या पुतण्याला दोन वर्षं हिशेबाचं काम शिकवून तयार केलं.’

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू ऐकायला वाईट होतं. शेठला पुतण्या एकच होता. शेठचं पत्र दुसऱ्या कोणाला मिळणार?

“भुपेंद्र! म्हणजे भुपेंद्रनं भुपेंद्रले शिकवलं?”

“कागदावर तं तसंच आहे.”

“त्याले डेबिट कोणत्या बाजूले राहते ते दोन महिने समजत नव्हतं ताई. मी बांगड्यांच्या हातानं दाखवलं होतं, हा डावा, हा उजवा.”

“हसून काही होत नाही. नाव खोडलेलं आहे आन् शिक्का त्यांचा आहे. कागद त्याच्यापर्यंत नेला कोणी, ते पाहू. तो माणूस सापडला तं साक्ष सापडली.”

शामकलानं चोरीच्या कागदाच्या बाकी ओळी मोठ्यानं वाचल्या. बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, वार्षिक तूट दोन टक्के ठेवली. महिन्याचा ताळेबंद सहा दिवसांत पूर्ण केला. सरकारी धानाच्या भरडाईची बिलं अडीच महिन्यांत मंजूर करून घेतली. दरवर्षी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी, सगळे हमाल तिकडं गेले असताना, गोदामाची पूर्ण मोजणी केली.

सगळं बरोबर होतं. तरी कागद हातात हलका वाटत होता. पाखडताना दाणा उडून गेला आणि कोंडा सुपात राहिला, तसा. काय गेलं, ते मात्र तिला तेव्हा कळलं नाही.

३

प्रफुल राहांगडाले टेम्पो स्टँडवर टेम्पोच्या सावलीत बसला होता. टिकारामशेठच्या मिलचा माल वाहणारा त्याचा एकुलता एक टेम्पो.

“मी काही नाही केलं,” तो म्हणाला. शामकलानं अजून काही विचारलंच नव्हतं.

“काय नाही केलं?”

प्रफुलनं बायकोकडं बघितलं, मग चाकाकडं. “रविवारी शेठले फोन केला होता.”

दुर्गेश्वरीनं टेम्पोचा फाळका धरला.

“चोरीसाठी नाही वो!” तो घाईनं म्हणाला. “म्हटलं, शेठ, हे दुसरीकडं अर्ज करून राहिली, मोठी जागा आहे, तुम्हीच पगार वाढवा नं हिचा. म्हटलं शेठ घाबरंल. आपलंबी काम टिकंल, टेम्पोबी टिकंल.”

“शेठ काय म्हणाला?” शामकलानं विचारलं.

“हसला. म्हणे बरं झालं सांगितलं. कोणती कंपनी म्हणे. मी सांगितली.”

“आन् कागद? फोटो पाठवला का कागदाचा?”

“कागद तं मी वाचलाबी नाही.”

“रविवारभर घरात होता नं?”

“होता. टीव्हीजवळ होता. मी नाही वाचला.”

“बायकोचं चौदा वर्षांचं काम दोन पानांवर होतं, प्रफुल. टीव्हीजवळ. आन् तू हातात घेतला नाही?”

“मले काय समजते त्यातलं?”

तो खरं बोलत होता. शामकलाला वाटलं, यानं कागद चोरला असता तर बरं झालं असतं. चोराला निदान मालाची किंमत माहीत असते. दुर्गेश्वरी फाळका सोडून निघाली.

४

कैलाश सरांकडं जायची गरज नव्हती. तरी शामकला एकटी गेली. हलका कागद तिला स्वस्थ बसू देत नव्हता.

सरांनी तो वाचला, चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाले, “बहुत कच्चा चोर है.”

“काऊन सर?”

“अरे बाई, दुर्गेश्वरीच्या कागदात काय होतं? तूट नऊवरून दोन. ताळेबंद चाळीस दिवसांवरून सहा. बिलं अकरा महिन्यांवरून अडीच. आधी मोजणी होतच नव्हती, मग सुरू झाली. यात ‘नऊवरून’ कुठं आहे? ‘चाळीसवरून’ कुठं आहे? मी चोरला असता, तर एक वेळ नाव विसरलो असतो, पण हे आकडे सोडले नसते. कागदाचा जीवच तो. दोन टक्के तूट ठेवली! ठीक है, ठेवली. सगळेच ठेवतात.”

बिस्किट तुटून चहात पडलं. सर चमचा शोधू लागले.

शामकलानं कागद परत हातात घेतला. ‘आधी’ काय होतं ते लिही, हे तिनंच शिकवलं होतं. चोरानं चारही ओळींतलं ‘आधी’ तेवढं काढून टाकलं होतं. घाईत उतरवणारा एखादा शब्द गाळतो. चारही ओळींत तोच तो भाग गळत नाही. शिवाय पाचवी ओळ, भुपेंद्रनं भुपेंद्रला शिकवल्याची, ती मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे हा माणूस अक्षर न अक्षर उतरवणारा. त्याच्या हातून चुकून काही सुटत नाही. जे सुटलं, ते त्यानं सोडलं.

सोनं चोरायचं आणि त्याचा कस स्वतःच कमी करून ठेवायचा, असं कोण करेल?

ज्याला तो कस टोचतो, तोच.

“सर,” तिनं विचारलं, “दुर्गेश्वरीच्या आधी त्या मिलचे हिशेब कोण पाहत होतं?”

कैलाश सरांचा चमचा थांबला.

५

दुधराम मेंढे मिलच्या ऑफिसात गादीवर बसून लिहीत होते. संगणक आला, टेबल-खुर्ची आली, तरी त्यांची गादी हलली नव्हती. वय त्रेसष्ट, दवनीवाड्याहून रोज बसनं येणारे, बेचाळीस वर्षं याच मिलमध्ये. आवाज कधी वर गेला नाही असा माणूस. दुर्गेश्वरी कामावर लागली तेव्हा पहिली खतावणी त्यांनीच तिच्या हातात दिली होती.

काचेपलीकडच्या केबिनमध्ये भुपेंद्र मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्यानं हात हलवला. “मावशी, नमस्ते! एखादं स्थळ आणलं का?”

“शोधून राहिली बाबू,” शामकला म्हणाली आणि गादीच्या कडेला बसली.

दुधराम एका मळक्या चिठ्ठीवरचा हिशेब वहीत उतरवत होते. चिठ्ठीवर कोणीतरी कोपऱ्यात ‘चहा दोन’ लिहून खोडलं होतं. दुधरामनं वहीत ‘चहा दोन’ लिहिलं आणि तसंच खोडलं.

“काका, कागद तुम्हीच दिला नं?” शामकला हळू म्हणाली.

पेन चालूच राहिलं. “कोणता?”

“प्रफुलनं रविवारी शेठले फोन केला. सोमवारी शेठनं तुम्हाले विचारलं असंल, पोरगी काय लिहून राहिली. तुमच्याजवळ शनिवारची नक्कल होती. तुम्ही जे तपासता ते उतरवून ठेवता, साऱ्या बाजाराले माहीत आहे. तुम्ही नव्या कागदावर लिहून दिलं. भुपेंद्रनं न वाचता कुठूनतरी टाइप करून घेतलं.”

“असे चार जण असतील.”

“चार नाही. हाताचा कागद दोघांजवळ होता. प्रफुलनं तो वाचलाबी नाही. आन् वाचून चोरला असता तरी त्यानं नऊ टक्के कायले गाळले असते? त्याचं काय जाते त्यात? भुपेंद्रले तं ते पाहिजेच होते, त्याची शान वाढली असती. तुम्ही ‘चहा दोन’ सोडत नाही काका. ‘नऊ’ काऊन सोडले?”

पेन थांबलं.

दुधराम बोलले. आवाज तेवढाच खाली होता, पण त्याला धार आली होती.

“तू शिकवलं नं तिले? आधी काय होतं ते लिही म्हणून?”

“हो.”

“आधी मी होतो.”

मिलची घरघर चालू होती. भिंत बारीक थरथरत होती.

“ती माह्याजवळ आली, म्हणे काका, जुने आकडे द्या. मी माळ्यावर चढलो, वह्या काढल्या. धूळ झाडून दिले. मले काय माहीत कायले पाहिजेत! शनिवारी कागद वाचला. नऊ टक्के तूट. चाळीस दिवस. अकरा महिने. मोजणी नाही. माहं नाव कुठंच नव्हतं, आन् प्रत्येक ओळीत मीच होतो. तिले वर चढाले पायरी पाहिजे होती. तुम्ही दोघींनी माही पाठ दिली.”

शेकडो बायोडाटे टाइप केले होते शामकलानं. ‘इतक्यावरून इतक्यावर आणलं’ हे वाक्य तिच्या बोटांना पाठ होतं. पहिल्या आकड्यात एक माणूस बसलेला असतो, हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता.

“नऊ टक्के माही नव्हती,” दुधराम म्हणाले.

“मग कोणाची?”

त्यांनी केबिनकडं बघितलं आणि वही बंद केली.

“उद्या कंपनीत येऊन एवढं सांगा, की काम दुर्गेश्वरीनं केलं,” शामकला म्हणाली. “बाकी काही नका सांगू. चौदा वर्षं तुमच्या बाजूले बसली ती.”

“शेठ घरी बसवंल मले.”

“नाही आले तं ती घरी बसंल.”

“तिचं वय आहे अजून,” दुधराम म्हणाले, आणि पुन्हा लिहू लागले.

६

शुक्रवारी साडेतीनला दोघी शुभ्रकणच्या ऑफिसात पोचल्या. साक्षीदार नव्हता. रात्रभर शामकलानं शिव्या दिल्या होत्या. दुधरामला थोड्या, स्वतःला जास्त. पण पहाटे चहा ठेवताना तिला आपल्या काउंटरवरचा तो बाप आठवला, मुलीला निमगोरी करणारा. आणि तिनं गॅस बंद करून मोबाइल हातात घेतला होता.

हर्षा मॅडमनी घड्याळ बघितलं. “बोला. पुरावा?”

“आधी तुम्ही सांगा मॅडम,” शामकला म्हणाली, “या माणसाचं वय किती?”

“अर्जात वय नाही.”

“नसणारच. ते लिहू नका, हे मीच शिकवलं साऱ्या गोंदियाले. माह्याच नियमाच्या आड लपला तो.” तिनं मोबाइल टेबलावर सरकवला. “हा समाजाच्या लग्नाच्या ग्रुपवर मागच्या वर्षी आलेला बायोडाटा. तीनशे घरांत गेला आहे, काही गुपित नाही. नाव वाचा.”

हर्षा मॅडमनी वाचलं. मार्करखालचं नाव त्यांना माहीत होतंच.

“जन्म मार्च दोन हजार, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. खाली पाहा. ‘सध्या काकांच्या मिलमध्ये हिशेबाचे काम शिकत आहे.’ आता शेठचं पत्र काढा. सन २०११ पासून मिलचे हिशेब सांभाळले म्हणे. दोन हजार अकरामध्ये हा पाचवीत होता मॅडम. पाचवीतल्या पोरानं सरकारी भरडाईची बिलं काढली का?”

“लग्नाच्या बायोडाट्यात लोक काहीही लिहितात,” हर्षा मॅडम म्हणाल्या.

“लिहितात नं. पगार खोटा लिहितात, रंग खोटा लिहितात, मी स्वतः टाइप करतो. पण जन्माची वेळ खोटी लिहीत नाहीत. पत्रिका जुळवायची राहते. नोकरी बुडाली तं चालते, गुण बुडालेले चालत नाहीत.”

हर्षा मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी फोन उचलला, स्पीकरवर टाकला. “भुपेंद्र कटरे? शुभ्रकणमधून बोलतेय. तुमच्या अर्जात पाचवा मुद्दा आहे, तुम्ही मालकांच्या पुतण्याला शिकवलं. हा पुतण्या कोण?”

पलीकडं क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. ती बंद झाली.

“काकांना विचारून सांगतो,” भुपेंद्र म्हणाला.

हर्षा मॅडमनी फोन ठेवला. आता त्यांना राग आला होता, आणि तो दुर्गेश्वरीसाठी नव्हता, स्वतःच्या कंपनीसाठी होता. ही कंपनी टिकारामशेठकडूनच तांदूळ घ्यायची. त्याचा पुतण्या इथं कंट्रोलर झाला असता, तर काकाची बिलं पुतण्यानंच मंजूर केली असती.

“अजून एक,” शामकला म्हणाली. “ते पत्र फेकू नका. हे सगळं काम मिलमध्ये झालं, असं शेठनं सही करून दिलं आहे. काम खरं आहे. खोटं फक्त नाव आहे. हिनं तीनदा जे पत्र मागितलं, ते हेच. एक तं शेठनं नाव दुरुस्त करून द्यावं, नाही तं खोटं पत्र दिलं असं तुम्हाले लिहून द्यावं.”

हर्षा मॅडम पहिल्यांदा दुर्गेश्वरीकडं वळल्या. “मोजणी मंडईच्याच दिवशी का?”

“बाकी दिवशी एका दारानं पोती मोजावी तं दुसऱ्या दारानं हलतात मॅडम,” दुर्गेश्वरी म्हणाली. “मंडईले एक हमाल राहत नाही. पोतं जिथं आहे तिथंच राहते.”

चार वाजायला पाच मिनिटं होती.

७

दुर्गेश्वरीला जागा मिळाली. सहा महिने तपासणीवर, आणि जाहिरातीतल्या पगाराच्या दोन-तृतीयांशावर. कारण ‘रीतसर अनुभवपत्र उपलब्ध नाही’. शेठनं नाव दुरुस्त केलं नाही. पत्र टायपिस्टच्या चुकीनं गेलं, असं एका ओळीत कळवून मोकळा झाला. कंपनीनं ते मान्य करून घेतलं. तांदूळ घ्यायचा होता ना. प्रफुलचा टेम्पो मिलवरून सुटला. भुपेंद्रच्या केबिनवर त्याच आठवड्यात पितळी पाटी लागली: फायनान्शियल कंट्रोलर.

महिन्याभरानं शामकलाच्या काउंटरपुढं दुधराम येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी.

“बायोडाटा करायचा आहे.”

“कोणाचा?”

“माहा. शेठनं काढलं. म्हणे तुह्या नकलेमुळं लाज गेली.”

शामकलाच्या ओठांवर बरंच आलं. तिनं ते गिळलं नाही, फक्त थांबवलं. “अनुभवाचं पत्र?”

“नाही दिलं. म्हणे, तू तं घरचाच.”

तिनं कोरी फाइल उघडली. आपण काय बोललो, ते त्यांनाही कळलं असावं. ते स्टुलावर बसले.

“काय केलं, किती केलं, आधी काय होतं,” ती म्हणाली. “सांगा.”

दुधराम पिशवीचे बंद पिळत राहिले.

“नऊ टक्के,” ती म्हणाली. “तिथून सुरू करा.”

“पोती सरकारची राहत,” शेवटी ते म्हणाले. “परत द्यायची. शेठ ती बाहेर विकत होता. मले म्हणे, तूट लिही. कारण काय लिहू? म्हणे उंदीर लिही. मी अठ्ठावीस वर्षं उंदीर लिहिले.” ते हसले, कोरडे. “मग दुर्गेश्वरी आली. तिले माहीतबी नव्हतं पोती कुठं जातात. तिनं नुसती मोजणी केली आन् शेठले दाखवलं, का हरवलेल्या पोत्यांच्या किमतीपेक्षा सरकारचा दंड जास्त जाऊन राहिला. शेठनं विकणं बंद केलं. दोन वर्षांत उंदीर संपले. मले हे अठ्ठावीस वर्षांत सांगता नाही आलं. सांगून पाहिलंबी नाही.”

शामकलाची बोटं चालत होती. दुधराम पडद्याकडं वाकले आणि दचकले.

“हे नको लिहू वो! याच्यावर नोकरी कोण देईल?”

“नोकरी तशीबी कोणी देणार नाही काका. त्रेसष्टाव्या वर्षी, पत्राशिवाय. मी खोटं कायले सांगू?” तिनं हात कीबोर्डवरून काढले. “म्हणाल तं पुसतो. मग वरती ‘जबाबदार होतो’ असं लिहितो. नऊ टक्क्यांसाठी.”

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर अडकला होता, हॉर्न वाजत होते. दुधराम पडद्यावरच्या ओळी वाचत राहिले, बोट लावून, आकडा आकडा तपासत, जसे आयुष्यभर दुसऱ्यांचे तपासले तसे.

“अठ्ठावीस नाही,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं आन् चार महिने. नीट लिही.”

तिनं दुरुस्त केलं.

“दोन प्रती काढजो. एक दुर्गेश्वरीले दे.”

प्रिंटर खरखरला. दुधरामनं खिशातलं पेन काढलं, कागद काउंटरवर सरळ केला आणि सही केली. मग पहिल्या ओळीवर गेले. ‘नऊ टक्के’ या शब्दांपुढं थोडी जागा होती. तिथं त्यांनी बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं: टिकाराम कटरे यांचे.